विटेटसाहेबांचा घुमट

आमची सांगवी मुळा-पवनेच्या काठची. कारखान्यांच्या ओढीने चहूकडची माणसे येथे आली, रुजली. त्यांची घरे मात्र कुठल्याही गावची वाटावीत अशी! ती पाहिली, की मला जॉर्ज विटेट आठवतात.

हे स्कॉटिश वास्तुशिल्पी १९०४ साली हिंदुस्थानात आले. येताना आपल्या गावचा नकाशा त्यांनी मुंबईवर लादला नाही. विजापूरचा गोलघुमट न्याहाळला, गुजराथेतील सोळाव्या शतकातल्या इमारती अभ्यासल्या. त्यातून म्युझियमचा घुमट उभा राहिला, दगडही कुर्ला-मालाडचाच! पुढे 'गेटवे'च्या जाळ्या आल्या. त्याचा पायाचा दगड १९११ चा, उद्‌घाटन मात्र १९२४ साली. पैशाअभावी समोरचा नियोजित रस्ता झालाच नाही.

१९२६ मध्ये, पन्नाशीही न गाठता, विटेटसाहेब मुंबईतच वारले. शिवडीच्या दफनभूमीत ते विसावले आहेत. या मातीने त्यांना परके मानले नाही. कारण बांधण्याआधी त्यांनी तिला विचारले होते.

वाचकहो, सांगवीत घर बांधणाऱ्याने ऊन कोठून येते, पाऊस कोठून झोडपतो, एवढे जरी आधी विचारले, तरी पुष्कळ झाले!