दार सोपं असावं, सताड उघडं नसावं

कॉम्प्युटर शिकायला आलेली बाई नेमकी कुठे अडते, सांगा बरं? माऊस हातात धरताना? मराठी टाईप करताना? की त्या एक्सेलच्या चौकटींच्या जंगलात? छे! ती त्याच्याही आधी अडते. पडदा उजळतो आणि त्यावर इंग्रजीत दोन रिकाम्या पट्ट्या येतात, एक युजरनेमची, दुसरी पासवर्डची. पासवर्ड टाईप करावा तर अक्षरांऐवजी नुसते काळे ठिपके! काय चुकलं ते दिसत नाही, आणि चुकलं की यंत्र आत घेत नाही. दोन-तीनदा असं झालं की बाई पदर सावरून उठते. "राहू द्या ताई, माझ्या डोक्यात नाही बसायचं हे."

डोक्यात न बसायला काय झालं? हीच बाई चाळीस डब्यांचा हिशेब तोंडपाठ ठेवते. कुणाला पोळ्या किती, कुणाचा गुरुवार, कुणाचे पैसे राहिलेत, सगळं बिनचूक. तिला कॉम्प्युटर जड जात नाही हो, जड जातो तो उंबरठा. गंमत अशी, की हा उंबरठा सोपा करणं फारसं अवघड नसतं. फक्त कुणीतरी तो सोपा करायचं मनावर घ्यावं लागतं.

आमच्या संस्थेच्या खोलीत सहा जुने कॉम्प्युटर आहेत, सगळे देणगीत आलेले. त्यांच्यावर नवं काही चालवायला गेलं की दम लागतो त्यांना. म्हणून ते एका नव्या, ताकदवान यंत्राला जोडलेत. त्याला सर्व्हर म्हणतात आणि अशा जोडणीला 'रिमोट डेस्कटॉप'. नावाला घाबरू नका. लग्नघर आठवा. पंगत मांडवात बसते, पण शिजतं सगळं आतल्या मुदपाकखान्यात. तसंच हे. बाई बसते जुन्या यंत्रापुढे, पण काम होतं आणि फाईल राहते ती सर्व्हरवर. समोरचं यंत्र म्हणजे नुसतं ताट! ते बंद पडलं तर शेजारच्या जागी बसा, तुमची फाईल तिथेही तश्शीच. विंडोज १० चा नेहमीचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. ज्या जुन्या यंत्रांवर विंडोज ११ चढत नाही, त्यांच्यावर मोफत मिळणारं लिनक्स टाकून त्यांची अशी ताटं करता येतात. भंगारात घालायची गरज नाही.

पण या व्यवस्थेत एक मेख असते. एकाऐवजी दोन उंबरठे होतात! आधी समोरच्या यंत्राचा पासवर्ड, मग सर्व्हरचा आकडी पत्ता, मग पुन्हा युजरनेम आणि पासवर्ड. देवळात जायला तीन दरवाजे, आणि प्रत्येकाची किल्ली वेगळी. बायका वैतागतील नाही तर काय?

मग सगळीकडे जो उपाय सुचतो तोच आमच्याकडे यंत्रं बसवायला आलेल्या मुलालाही सुचला. "काकू, सगळ्यांना मिळून एकच नाव, एकच पासवर्ड टाकून देतो. भिंतीवर लिहून ठेवा. कटकटच नको!"

मी म्हटलं, "अरे, पाच जावांना मिळून एकच कपाट दिलंस तर किल्ल्यांची कटकट वाचेल, पण घरातली वाढेल त्याचं काय?"

तो हसला. पण मी काही गमतीनं बोलत नव्हते. एका संस्थेत हेच झालेलं मी जवळून पाहिलंय. तिथे सगळ्यांचं मिळून एकच लॉगिन. फळ्याच्या कोपऱ्यात खडूनं लिहिलेला पासवर्ड. तीन-चार बचत गटांचे हिशेब त्याच एका खात्यात. एक दिवस एका गटाच्या तक्त्यातली कर्जफेडीची नोंद गायब झाली. कुणी पुसली? यंत्राला विचारावं तर ते एकच नाव सांगणार, सगळ्यांचं! संशय गेला आदल्या दिवशी शेवटी बसलेल्या मुलीवर. नुकतं लग्न होऊन गावात आलेली, जेमतेम एकोणीस-वीस वर्षांची. सभासदाच्या पासबुकात नोंद सापडली, पैसेही जागेवर होते. बहुधा कुणाचं तरी चुकून बटण दाबलं गेलं असावं. पण तोवर गावभर व्हायची ती चर्चा होऊन गेली होती. ती मुलगी पुन्हा वर्गाला आली नाही. सासरच्यांनी पाठवलंच नाही तिला.

मैत्रिणींनो, म्हणून सांगते, आपल्या नावाचा पासवर्ड म्हणजे नुसतं कुलूप नव्हे. 'हे मी केलं' आणि 'हे मी केलेलं नाही' असं ठामपणे सांगता येण्याची ती सोय आहे.

आणि पासवर्डचा जन्मच मुळी अशाच खोलीत झालाय, माहितीये? १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका मोठ्या संगणकाला अनेक टर्मिनल जोडली. यंत्र एक, वापरणारे अनेक. मग ज्याच्या फाईली त्याच्याकडे राहाव्यात म्हणून प्रत्येकाला पासवर्ड दिला. १९६२ साली अॅलन शेर नावाच्या तिथल्याच एका संशोधकानं जास्त वेळ यंत्र वापरायला मिळावं म्हणून सगळ्यांचे पासवर्ड छापून घेतले, हाही किस्सा प्रसिद्ध आहे. म्हणजे कुलूप आलं तशी वाकडी वाटही आली!

तर आमच्याकडे काय केलं ते सांगते. खोलीतली सहाही यंत्रं चालू केली की आपोआप उघडतात, तिथे पासवर्ड नाही. त्यात धोका नाही का? नाही, कारण त्या यंत्रांत कुणाची फाईलच नाही, त्यांना कसलेही जादा अधिकार नाहीत आणि खोलीला कुलूप असतं. ताटाला कुणी कुलूप लावतं का? कुलूप मुदपाकखान्याला!

यंत्र उघडलं की पडद्यावर चित्रं दिसतात. जास्वंद, चिमणी, तुळशीवृंदावन, शिवणयंत्र, आंबा... प्रत्येकीनं आपापलं चित्र निवडलंय. हे म्हणजे प्रत्येकीच्या नावाचे शॉर्टकट. त्यात सर्व्हरचा पत्ता आणि तिचं युजरनेम आधीच भरून ठेवलंय. बाईनं आपल्या चित्रावर दोनदा क्लिक करायचं आणि फक्त पासवर्ड टाकायचा. बस्स. तीन किल्ल्यांची एक झाली. 'पासवर्ड लक्षात ठेवा' ही खूण मात्र मुद्दाम काढून टाकली, नाहीतर चिमणीचं दार कुणीही उघडेल.

आता पासवर्ड कसा असावा? एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह, असला जाच आपल्या ओळखीचा. या नियमांचं मूळ अमेरिकेतल्या 'निस्ट' या सरकारी मानक संस्थेच्या २००३ सालच्या पुस्तिकेत आहे. ती लिहिणाऱ्या बिल बर यांनीच २०१७ साली या सल्ल्याबद्दल खेद व्यक्त केला. त्याच वर्षी 'निस्ट'नं नवे नियम आणले. चिन्हांची सक्ती नको, ठरावीक दिवसांनी उगाच बदलायला लावू नका, लांबीला महत्त्व द्या. आमच्या बायकांना तर हे वरदानच! कैरी, रहाट, पाटली असे एकमेकांशी संबंध नसलेले तीन शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहायचे. आठवायला सोपं, दुसऱ्याला ओळखायला कठीण. (हेच तीन नका हं घेऊ!) मुलांची नावं, जन्मतारखा, मोबाईल नंबर वर्ज्य. सर्व्हरवरची मोठं अक्षर आणि चिन्हाची सक्ती त्या मुलाकडून काढून घेतली. दहा वेळा चुकलं की खातं दहा मिनिटं थांबतं. तेवढ्यात चहा होतो.

चार आकडी पिन का नाही, असं काहीजणी विचारतात. विंडोजचा पिन त्या एका यंत्रापुरता असतो, त्यानं दुसऱ्या यंत्रात शिरता सहसा येत नाही. म्हणून इथे पासवर्डच बरा.

काही बारीक गोष्टी अनुभवानं कळतात. वर्गात मराठी कळफलक लावलेला असतो आणि तोच चालू राहिला तर बरोबर टाईप केलेला पासवर्डही चुकतो, ठिपक्यांमुळे कळत मात्र नाही. म्हणून पासवर्डआधी कोपऱ्यातली भाषेची खूण बघायची. दुसरं, काम झाल्यावर खिडकीच्या फुलीवर क्लिक केलं तर बाई बाहेर पडते, पण तिचं काम आत सर्व्हरवर उघडंच राहतं. घरातून निघताना गॅस चालू ठेवल्यासारखंच! 'साईन आऊट'च करायचं.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. जोडणी करताना पडद्यावर इशारा यायचा, 'समोरच्या यंत्राची ओळख पटत नाही, तरी पुढे जायचं?' मुलगा म्हणाला, "काकू, त्यांना सांगा, डोळे मिटून 'होय' दाबा." मी म्हटलं, "नाही बाळा. आज डोळे मिटून 'होय' दाबायला शिकवलं, तर उद्या फसव्या फोनवर ओटीपीही डोळे मिटून सांगतील." मग त्यानं सर्व्हरचं प्रमाणपत्र सगळ्या यंत्रांवर नीट बसवलं आणि तो इशारा बंद झाला. आता कधी आला, तर बायका थांबून विचारतात.

अशी सोय करायची असेल तर दोन गोष्टी आधी विचारून घ्या. साध्या घरगुती विंडोजवर एका वेळी एकालाच बसता येतं. अनेकींनी एकदम बसायचं तर सर्व्हरची विंडोज आणि माणशी किंवा यंत्रामागे परवाने लागतात. लिनक्सवर तो खर्च नाही. आणि सर्व्हरचं दार थेट इंटरनेटवर उघडं टाकू नका. बाहेरून काम करायचंच असेल, तर व्हीपीएनचा सुरक्षित रस्ता जाणकाराकडून करून घ्या.

हे सगळं कशासाठी, असं वाटेल. एक उदाहरण देते. आमच्याकडे येणारी एक बाई रोज अर्धा तास उशिरापर्यंत थांबायची. टायपिंगचा सराव करतेय असं आम्हाला वाटायचं. एक दिवस तिनं मला आपल्या चित्रावर क्लिक करून एक फाईल दाखवली. घरातल्या मारहाणीबद्दल संरक्षण अधिकाऱ्यांकडे द्यायचा अर्ज. २००५ च्या कायद्यानं दिलेला हक्क तिला कुठून तरी कळला होता. तारीखवार, शांतपणे, दोन महिने ती लिहीत होती. घरातल्या मोबाईलवर लिहिणं शक्यच नव्हतं, तो सगळ्यांच्या हातात फिरणारा. आणि वर्गात तिची सख्खी जाऊही येत होती, शेजारच्याच यंत्रावर बसत होती!

एकच नाव, एकच पासवर्ड असता, तर तो अर्ज पहिल्याच आठवड्यात घरी पोचला असता. तिच्या पाठीशी काय उभं होतं? एक चित्र आणि तीन शब्द. आयुष्यभर जिच्या नावावर ना घर, ना शेत, ना गॅसची पावती, तिला स्वतःची अशी पहिली जागा मिळाली ती त्या पडद्यामागे.

तेव्हा महिला मंडळांनो, ग्रंथालयांनो, बचत गटांच्या ताईंनो, तुमच्याकडे यंत्रं बसवायला कुणी आलं आणि 'सगळ्यांचं एकच टाकून देतो' म्हणालं, तर त्याला चहा द्या, पण ऐकू नका. बाई अडणार नाही इतकं दार सोपं करून मागा, आणि ते तिचं तिलाच उघडता येईल असंही मागा. एका दुपारचं काम आहे ते.