गंजाशी गणिताचा सामना

फराळाची तयारी सुरू करावी आणि माळ्यावरची लोखंडी कढई खाली काढून बघावी, तर तिच्या बुडाशी तांबूस गंज! जुन्या वळणाच्या गृहिणी म्हणूनच कढई ठेवून देताना तिला तेलाचा हात लावतात. तो पातळ थर पाण्याला आणि हवेला लोखंडापर्यंत पोहोचू देत नाही. कढईचे ठीक आहे. पण कित्येक मैल लांबीच्या नळाला आतून हात कोणी लावायचा?

आपल्या मुंबई हायचे खनिज तेल समुद्रतळावरील नळांतून उरणला येते. जमिनीच्या पोटातून तेलाबरोबर बहुधा खारे पाणीही वर येते आणि त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य आम्ल बनते. अशा पाण्यात लोखंडाचे अणू आपले इलेक्ट्रॉन सोडून विरघळू लागतात. २००६ च्या मार्चमध्ये अलास्कातील प्रूडो बे येथे एक नळ आतून गंजला. भोक बारीकसेच पडले. पण दोन लाख गॅलनांहून अधिक तेल बर्फाळ भूमीवर सांडले!

नळाच्या आत वारंवार रंग देता येत नाही. म्हणून तेलाबरोबरच असे द्रव्य सोडतात, की ज्याचे रेणू आपण होऊन लोखंडाला जाऊन चिकटतील. इमिडॅझोलीन जातीचे रेणू यासाठी फार वापरतात. पाच अणूंचे एक कडे, त्यात दोन नायट्रोजन आणि मागे मेदाम्लाची लांबलचक शेपटी, असे त्यांचे रूप. नायट्रोजनजवळच्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांच्या जोरावर रेणू लोखंडाला पकडतो, शेपटी पाण्याला दूर सारते. दहा लाख भागांत पन्नास-शंभर भागही पुष्कळदा पुरतात.

सगळीच द्रव्ये इतकी सोयीची नसतात. कारखान्यांत यंत्रे थंड करण्याच्या पाण्यात पूर्वी क्रोमेटचे पिवळे क्षार घालीत. गंजावर अगदी रामबाण, पण कर्करोगाला निमंत्रण देणारे! लोखंड वाचले आणि माणूस गेला, तर असा उपाय काय कामाचा?

तेव्हा नवे रेणू हवेत. कागदावर त्यांच्या हजारो आकृत्या काढता येतील; पण प्रत्येक रेणू बनवून तपासायचा म्हटले तर आयुष्य पुरणार नाही. येथे गणकयंत्र मदतीला येते. श्रोडिंजरचे १९२६ सालचे समीकरण इलेक्ट्रॉनांचे वागणे सांगते खरे, पण इलेक्ट्रॉन शंभरावर गेले की ते तंतोतंत सोडवणे यंत्राच्याही आवाक्याबाहेरचे. १९६४ साली पिएर होहेनबर्ग आणि वॉल्टर कोन यांनी दाखवून दिले, की प्रत्येक इलेक्ट्रॉनच्या मागे धावायला नको. कोठे किती दाटी आहे एवढे कळले तरी पुरे. या कामाबद्दल कोन यांना १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पदार्थविज्ञानाच्या माणसाला, आणि तेही रसायनशास्त्राचे!

आता लोखंडाच्या अणूंचे काही थर गणकयंत्रात मांडायचे, त्यांवर रेणू ठेवायचा आणि तो किती घट्ट बसतो ते काढायचे. हे खर्चाचे आणि चिकाटीचे काम. म्हणून पुष्कळ अभ्यासक सोपी वाट धरतात. एकटा रेणू पोकळीत ठेवून तो इलेक्ट्रॉन किती सहज देईल एवढेच मोजतात आणि प्रशस्तिपत्र देऊन मोकळे होतात. घरदार न पाहता नुसत्या पत्रिकेवर लग्न जुळवण्यासारखेच हे! स्लोव्हेनियातील ल्युब्लियानाचे शास्त्रज्ञ अँटन कोकाल यांनी २०१० पासून या घाईवर बोट ठेवले आहे, आणि ते रास्तच म्हणावे लागेल. खऱ्या रेणूला आधी लोखंडाला बिलगलेले पाणी हटवावे लागते. शिवाय शेजारच्या रेणूंशी त्याचे जमले, तरच थर अखंड होतो.

म्हणून यंत्राच्या चाळणीतून उरलेले मोजके रेणू अखेर प्रयोगशाळेत जातात. घासूनपुसून वजन केलेल्या लोखंडाच्या दोन पट्ट्या खाऱ्या पाण्यात बुडवतात. एका भांड्यात औषध घातलेले, दुसऱ्यात नाही. काही दिवसांनी त्या बाहेर काढून, गंज साफ करून पुन्हा तराजूत घालतात. किती मिलिग्रॅम लोखंड गेले, ते तेथे कळते.