यीस्ट गेलं खड्ड्यात!

बेंगळुरूत खड्ड्यांवर प्रेम करणारं कुणी सापडेल का? सापडेल की, यीस्ट! पाव फुगवणारं, बिअर फसफसवणारं हे एकपेशीय पात्र भोकाभोकांच्या वस्तूत एकदा शिरलं, की तिथेच तळ ठोकून राबत राहतं. बायोटेकवाल्यांच्या भाषेत 'सेल इमोबिलायझेशन'. आपल्या भाषेत, बदली रद्द!

या भाडेकरूची साइझ माहीत आहे का? 5 ते 10 मायक्रॉन. एका मिलिमीटरच्या रांगेत शंभर-दोनशे जण मावतात. त्यामुळे घराबाबत नखरे नाहीत. प्यूमिस दगड चालतो, विटेचा तुकडा चालतो, सच्छिद्र काचेचे मणी चालतात. आणि वाळक्या घोसाळ्याची जाळीसुद्धा! हो हो, तीच, अंग घासायची. लॅबमध्ये तिच्यावर यीस्ट बसवून चक्क अल्कोहोल काढलंय.

पण बसवायचं कशाला? कारण टाकीतून साखरेचं पाणी सतत वाहतं ठेवलं आणि वेग जरा वाढवला, की मोकळं यीस्ट पाण्याबरोबर वाहून जातं. कामगारच गेटबाहेर! भोकात घट्ट बसलेलं यीस्ट मात्र जागेवर राहतं. साखर आत, अल्कोहोल बाहेर, स्टाफ तोच.

आता खास बेंगळुरू स्पेशल. या शहराच्या बायोटेकची सुरुवात माशाच्या पोटातून झाली, माहीत आहे का? किरण मजुमदार ऑस्ट्रेलियात बॅलरॅटला ब्रूइंग शिकून आल्या. वडील युनायटेड ब्रुअरीजमध्ये मुख्य ब्रूमास्टर. पण बाईंना ब्रूमास्टरची नोकरी द्यायला इथे कुणी तयार होईना. मग 1978 मध्ये भाड्याच्या घराच्या गॅरेजमध्ये, 10 हजार रुपयांच्या भांडवलावर, एका आयरिश कंपनीच्या भागीदारीत बायोकॉन ही बायोटेक कंपनी सुरू झाली. पहिला माल काय? पपईतलं पपेन आणि आयसिंग्लास.

आयसिंग्लास म्हणजे माशाच्या हवेच्या पिशवीतलं कोलॅजन. त्यावर धन भार, यीस्टच्या अंगावर ऋण भार. भेटताच चिकटाचिकटी, दोघं मिळून तळाशी, वर बिअर चकाचक! ब्रुअरीत ही युक्ती यीस्ट हाकलायला वापरतात.

आणि मुंबईत? नेमकी उलट! तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात 1980च्या दशकात साध्या सुती कापडाला पॉलिइथिलीनइमाइन नावाचं धन भाराचं रसायन लावलं आणि यीस्ट त्यावर चिकटवलं. वरून साखरेचा पाक सोडला, की यीस्टमधलं इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करतं. अणुभट्टीवाल्यांची ही कापडी भट्टी. मला तरी या सगळ्या यादीत हीच सर्वांत झकास वाटते.

पुणेकरांचा नंबर? 1982! राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने, म्हणजे आपल्या एनसीएलने, जिलेटिनच्या सच्छिद्र गोळ्यांत यीस्ट बसवून सलग इथेनॉल काढल्याचं प्रसिद्ध केलं. भोकं पाडली कशी? जिलेटिनमध्ये आधी अल्जिनेट मिसळायचं, जिलेटिन पक्कं करायचं, मग अल्जिनेट विरघळवून काढून टाकायचं. उरली ती भोकं. ड्रिल नाही, आवाज नाही, शेजाऱ्यांची तक्रार नाही!

रेकॉर्डब्रेक स्पीड हवाय? चला फिनलंडला. नुकत्याच आंबलेल्या बिअरला डायअॅसिटिल नावाच्या रसायनामुळे लोण्यासारखा वास मारतो. तो जायला टाकीत साधारण दोन आठवडे लागायचे. सिनेब्रुकोफ ब्रुअरीने ती बिअर आधी तापवली, मग सेल्युलोजच्या कणांवर बसवलेल्या यीस्टमधून सोडली. वेळ? सुमारे दोन तास! बेंगळुरूतल्या सिल्क बोर्ड सिग्नलवर अडकलेल्या मंडळींनी उसासा सोडायला हरकत नाही.

मग सगळ्या ब्रुअरीज असंच का करत नाहीत? कारण यीस्ट कार्बन डायऑक्साइड सोडतं, तो भोकांत अडकतो. आतल्या पेशींपर्यंत अन्न पोचत नाही. भोकं तुंबतात, चवही बदलते. म्हणजे खड्डेच, पण मेंटेनन्स लागतो.

सगळीकडे बांधून ठेवावं लागतं असंही नाही. बायोकॉनने 2004 मध्ये बाजारात आणलेलं इन्सुजेन हे मानवी इन्सुलिन पिचिया नावाचं यीस्ट बनवतं, आणि तेही टाकीत मोकळं पोहत.

घरच्या ज्युनिअर सायंटिस्टला प्रोजेक्ट हवाय? समुद्री शेवाळापासून मिळणारं सोडियम अल्जिनेट पाण्यात घोटा, त्यात बेकरीचं यीस्ट मिसळा आणि सिरिंजने थेंब थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात टाका. प्रत्येक थेंबाचा मोती होतो! ते मोती कोमट साखरपाण्यात सोडा, थोड्या वेळाने बुडबुडे धरून वर येतील. मग गाळा, धुवा, नव्या साखरपाण्यात परत टाका. फक्त साबुदाणा समजून कुणी तोंडात टाकणार नाही, एवढं बघा!