डॉबी कधी जन्मलाच नाही, मग त्याच्या 'कबरी'वर लोक मोजे का ठेवून येतात?

ब्रिटनमधल्या वेल्समध्ये, पेम्ब्रोकशायरच्या किनारपट्टीवर फ्रेशवॉटर वेस्ट नावाचा समुद्रकिनारा आहे. मोठ्या लाटा, भणाणता वारा आणि मागे वाळूच्या टेकड्या. सर्फिंग करणाऱ्यांमध्ये ही जागा प्रसिद्ध आहे. पण इथे येणारे सगळेच लाटांसाठी येत नाहीत. काही जण टेकड्यांजवळच्या दगडांच्या एका ढिगाऱ्यापाशी थांबतात. त्यातल्या कित्येक दगडांवर रंगाने निरोपाचे शब्द लिहिलेले असतात. आणि दगडांच्या मध्ये लोकांनी आणून ठेवलेले असतात मोजे.

इथे कुणाला पुरलंय? कुणालाच नाही. ही 'कबर' आहे डॉबीची. हॅरी पॉटर मालिकेतला, मोठ्या कानांचा आणि टेनिसच्या चेंडूएवढ्या डोळ्यांचा डॉबी.

ज्यांनी पुस्तकं वाचली नाहीत किंवा सिनेमे पाहिले नाहीत, त्यांच्यासाठी थोडक्यात. डॉबी हा हाउस एल्फ, म्हणजे श्रीमंत जादूगारांच्या घरी पिढ्यान्पिढ्या फुकट राबणाऱ्या जमातीतला एक. मालकाने कपडा दिला तरच या जमातीतल्या कुणाची सुटका होते. १९९८ साली आलेल्या दुसऱ्या पुस्तकात हॅरीच्या युक्तीमुळे मालकाच्या हातून एक मोजा डॉबीकडे जातो आणि तो मोकळा होतो. २००७ च्या सातव्या पुस्तकात हॅरी आणि त्याच्या मित्रांना शत्रूच्या घरातून सोडवताना डॉबीला सुरा लागतो आणि तो मरतो. हॅरी त्याच्यासाठी खड्डा खणतो, तोही जादू न वापरता, स्वतःच्या हातांनी. रॉन स्वतःच्या पायातले बूट-मोजे काढून डॉबीच्या पायात घालतो. वाचकांनी मोजे आणणं कुठून सुरू केलं असेल, ते यावरून कळतं.

या प्रसंगाचं शूटिंग फ्रेशवॉटर वेस्टला झालं आणि २०१० साली तो सिनेमा आला. पडद्यावरचा डॉबी हा कुणी माणूस नव्हता. टोबी जोन्स या अभिनेत्याचा आवाज आणि बाकी सगळी कॉम्प्युटरची करामत. सिनेमासाठी किनाऱ्यावर उभं केलेलं घरही शूटिंग संपल्यावर काढून टाकलं गेलं. राहिली फक्त वाळू. तरी लोक आले आणि दगड ठेवत गेले.

खोट्यासाठी खरं रडू येतं कसं?

'अगं, पिक्चर आहे तो, एवढं काय रडायचं?' हे वाक्य घराघरात ऐकू येतं. गंमत म्हणजे हाच प्रश्न तत्त्वज्ञांनाही छळत आलाय. १९७५ साली कॉलिन रॅडफर्ड या तत्त्वज्ञाने टॉलस्टॉयच्या 'अ‍ॅना कॅरेनिना'चं उदाहरण घेऊन तो थेट मांडला. समजा, एखाद्याने तुम्हाला आपल्या बहिणीवर ओढवलेल्या भयंकर प्रसंगाबद्दल सांगितलं. तुम्हाला वाईट वाटलं. मग तो म्हणाला, 'मला बहीणच नाही, मी थापा मारत होतो.' त्या क्षणी तुमचं दुःख पळून जाईल, उलट रागच येईल. मग अ‍ॅना खोटी आहे हे पहिल्या पानापासून माहीत असूनही तिच्यासाठी डोळे का भरून येतात? रॅडफर्डचं उत्तर असं की आपण इथे विसंगत वागतो. अनेक तत्त्वज्ञांना ते पटलं नाही आणि हा वाद अजून मिटलेला नाही.

आपल्याकडे हा प्रश्न फार आधी वेगळ्या बाजूने विचारला गेला होता. भरताच्या नाट्यशास्त्रात करुण रसाचा पाया 'शोक' हा भाव आहे. मग शोक बघायला माणूस आपणहून नाटकाला का जातो? दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या अभिनवगुप्तांनी यावर सविस्तर लिहिलंय. ढोबळमानाने त्यांचं म्हणणं असं : रंगमंचावरचं दुःख ना त्या पात्राचं खासगी राहतं, ना प्रेक्षकाचं. ते सगळ्यांचं होतं, आणि म्हणून ते नुसतं न टोचता अनुभवता येतं. याला 'साधारणीकरण' म्हणतात. किनाऱ्यावरच्या मोज्यांकडे बघताना हा शब्द रॅडफर्डपेक्षा जास्त उपयोगी पडतो, कारण ते मोजे ठेवणाऱ्यांपैकी प्रत्येक जण फक्त डॉबीसाठीच रडत असेल असं नाही.

मानसशास्त्र काय म्हणतं?

सध्या सोशल मीडियावर 'पॅरासोशल' हा शब्द फार चालतो. बहुतेक वेळा तो टोमणा म्हणून येतो. इन्फ्लुएन्सरच्या ब्रेकअपवर रडणाऱ्याला म्हणायचं, 'केवढा पॅरासोशल आहेस!' पण शब्द जुना आहे. १९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी तो वापरला तेव्हा टीव्ही घराघरात शिरत होता. पडद्यावरचा निवेदक कॅमेऱ्यात बघून असा बोलतो, जणू समोरच्या एकट्या प्रेक्षकाशीच गप्पा मारतोय. रोज ठरलेल्या वेळी येतो, तसाच हसतो. हळूहळू प्रेक्षकाला तो ओळखीचा वाटू लागतो. नातं एकतर्फी असतं, पण जवळीक वाटते ती खरी असते. हॉर्टन आणि वोल यांना बहुतांश लोकांच्या बाबतीत यात काही आजारपण दिसलं नाही. टोमणा मारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हरकत नाही.

काल्पनिक पात्राच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. मेलनी ग्रीन आणि टिमोथी ब्रॉक यांनी २००० साली मांडलेल्या सिद्धांतानुसार, चांगली गोष्ट वाचताना आपण अक्षरशः तिकडे 'जातो'. लक्ष, भावना आणि डोळ्यांसमोरची चित्रं, सगळं गोष्टीत गुंततं आणि आजूबाजूचं जग मागे पडतं. स्टेशन निघून गेल्यावर पुस्तकातून डोकं वर काढणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

मेंदूच्या पातळीवरही याची एक झलक मिळाली आहे. अमेरिकेत 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या १९ चाहत्यांचं मेंदूचं स्कॅनिंग केलं गेलं. त्यांना स्वतःबद्दल, आपल्या मित्रांबद्दल आणि मालिकेतल्या पात्रांबद्दल विचार करायला सांगितलं होतं. जे लोक गोष्टीतल्या पात्रांशी सहज एकरूप होतात, त्यांच्या मेंदूत 'मी' आणि 'ते पात्र' यांचे ठसे एकमेकांच्या जास्त जवळ दिसले. हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. १९ माणसं म्हणजे फार कमी, त्यामुळे 'विज्ञानाने सिद्ध केलं' अशी रील बनवण्याची घाई नको.

पण फँटसीच का?

रडू तर कौटुंबिक मालिका बघतानाही येतं. मग जादूगार, ड्रॅगन आणि एल्फ यांच्याबाबतीतच लोक किनाऱ्यावर दगड रचण्यापर्यंत का जातात?

एक कारण अगदी साधं आहे : वेळ. हॅरी पॉटरचं पहिलं पुस्तक जून १९९७ मध्ये आलं आणि सातवं जुलै २००७ मध्ये. दहा वर्षं आणि तीन हजारांहून जास्त पानं. पहिल्या पुस्तकात हॅरी अकरावा वाढदिवस साजरा करतो. ज्याने ते अकराव्या वर्षी वाचलं, तो सातवं हाती येईपर्यंत कॉलेज संपवत आला होता. चौथं पुस्तक २००० चं आणि पाचवं २००३ चं, म्हणजे मध्ये तीन वर्षांचा खंड. या काळात वाचक काय करत होते? तर्क लढवत होते. सहावं पुस्तक २००५ मध्ये आल्यावर दोन वर्षं एकच वाद चालला, स्नेप चांगला की वाईट? एखाद्या माणसाच्या स्वभावावर आपण इतका विचार फार तर घरच्यांच्या बाबतीत करतो.

पुढे मंजुल पब्लिशिंग हाऊसने ही मालिका मराठीतही आणली. त्यामुळे ज्यांना इंग्रजी जड जायचं अशा मुलांनाही हॉगवर्ट्समध्ये शिरता आलं.

दुसरं कारण, अशा पुस्तकात शिरताना आपण फक्त एका पात्राला भेटत नाही, एका टोळीत भरती होतो. २०११ साली शिरा गॅब्रिएल आणि एरियाना यंग यांनी कॉलेजच्या १४० विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींना 'ट्वायलाइट'मधला उतारा वाचायला दिला, काहींना हॅरी पॉटरमधला. वाचून झाल्यावर चाचण्या घेतल्या तेव्हा दिसलं की पहिल्या गटातले लोक स्वतःला नकळत व्हॅम्पायरच्या जवळचे मानू लागलेत आणि दुसऱ्या गटातले जादूगारांच्या. आपण कुठल्यातरी गटाचे आहोत, ही माणसाची भूक अर्ध्या तासाच्या वाचनानेही थोडी भागते. 'तू ग्रिफिंडॉर की स्लिदरिन?' हा प्रश्न इतकी वर्षं का टिकलाय, त्याचं उत्तर यात आहे. हॉगवर्ट्सची चार हाउसेस म्हणजे वाचकासाठी तयार ठेवलेल्या जागाच आहेत.

आणि तिसरं, ज्याबद्दल कमी बोललं जातं. हे नातं सुरक्षित असतं. डॉबी तुमचा मेसेज बघून उत्तर द्यायचं टाळत नाही. पुस्तक पाच वर्षांनी उघडलं तरी तो तितक्याच आनंदाने भेटतो. एकट्या पडलेल्या मुलासाठी ही छोटी गोष्ट नाही. शाळेत ज्याच्याशी कुणी बोलत नाही, त्याला जिन्याखालच्या फडताळात झोपणारा मुलगा आपला वाटला तर त्यात हसण्यासारखं काय आहे?

पात्र गेल्याचं दुःख किती खरं?

इस्रायलमधले संशोधक जोनाथन कोहेन यांनी २००४ मध्ये टीव्ही प्रेक्षकांना विचारलं होतं : तुमचं आवडतं पात्र उद्यापासून दिसणारच नाही, असं झालं तर तुम्हाला काय वाटेल? ज्यांना खऱ्या नात्यांमध्येही समोरचा सोडून जाईल अशी सतत धास्ती असते, त्यांना या कल्पनेनेच सर्वांत जास्त त्रास होईल असं दिसलं. म्हणजे पात्राशी असलेलं नातं आणि माणसांशी असलेलं नातं यांचे खण मनात वेगवेगळे नसतात.

हे आजचंही नाही. डिसेंबर १८९३ मध्ये आर्थर कॉनन डॉयल यांनी शेरलॉक होम्सला मारून टाकलं तेव्हा वाचक भडकले होते. लंडनमध्ये लोक दंडाला काळ्या फिती लावून फिरले, असा किस्सा इंटरनेटवर सर्रास फिरतो. त्याला त्या काळातला भक्कम पुरावा मात्र सापडत नाही. पण दबाव खरा होता आणि १९०३ मध्ये डॉयल यांनी होम्सला परत आणलं. जे. के. रोलिंग यांनी कुणाला परत आणलं नाही, पण माफी मागितली. हॉगवर्ट्सच्या लढाईच्या दिवशी, म्हणजे २ मे रोजी, त्या काही वर्षं मारलेल्या एका पात्राबद्दल ट्विटरवर दिलगिरी व्यक्त करायच्या. २०१८ साली पाळी डॉबीची होती.

पात्र आणि नट यांची गल्लत होते तेव्हा प्रकरण जास्त नाजूक होतं. जानेवारी २०१६ मध्ये स्नेपची भूमिका करणारे अ‍ॅलन रिकमन गेले, तेव्हा लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनवर, प्लॅटफॉर्म पावणेदहाच्या पाटीपाशी लोकांनी फुलं ठेवली. रिकमन यांनी रंगभूमीवर आणि सिनेमात इतर कितीतरी कामं केली होती, तरी निरोप मात्र स्नेपला मिळाला. ही गल्लत प्रेमाची होती. उलटीही होते. निळू फुले यांनी पडद्यावर रंगवलेल्या खलनायकांमुळे गावोगावच्या बायका त्यांना खरोखरच वाईट माणूस समजायच्या, हे किस्से महाराष्ट्रात सगळ्यांनी ऐकलेत. आज तोच राग नटाच्या इन्स्टाग्रामवर शिव्या बनून उतरतो.

लेखकाचं काय करायचं, हा त्याहून अवघड पेच आहे. २०२० मध्ये ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या संदर्भात रोलिंग यांनी मांडलेल्या मतांनंतर अनेक चाहते दुखावले. त्यात स्वतः ट्रान्स असलेले वाचकही होते, ज्यांना याच पुस्तकांनी कठीण काळात आधार दिला होता. हॅरी साकारणाऱ्या डॅनियल रॅडक्लिफने तेव्हा निवेदन काढून त्यांना सांगितलं, की पुस्तकात तुम्हाला जे सापडलं ते तुमचं आणि त्या पुस्तकाचं आहे. काहींना हे पुरलं, काहींनी पुस्तकं कपाटातून काढून टाकली.

बरं, या ओढीचा काही फायदा? इटलीत लोरिस वेझाली आणि सहकाऱ्यांनी पाचवीतल्या मुलांना सहा आठवडे हॅरी पॉटरमधले उतारे वाचायला देऊन त्यावर चर्चा केली. एका गटाचे उतारे भेदभावाबद्दलचे होते, दुसऱ्याचे तसे नव्हते. पहिल्या गटातल्या मुलांचा स्थलांतरितांकडे बघण्याचा दृष्टिकोन सुधारला, पण ज्यांना हॅरी आपला वाटत होता त्यांचाच. नुसतं वाचून भागलं नाही, जीव लागावा लागला.

मग त्या मोज्यांचं काय झालं?

फ्रेशवॉटर वेस्टच्या वाळूच्या टेकड्या नाजूक आहेत. ही जागा सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेसमोर प्रश्न होता, गर्दी वाढतेय, तर हे स्मारक इथेच ठेवायचं की हलवायचं? संस्थेने लोकांची मतं मागवली आणि २०२२ मध्ये निर्णय जाहीर केला : तूर्तास दगडांना हात लावायचा नाही. पण मोजे, छोट्या वस्तू आणि रंगवलेले दगड आणू नका. मोजे आणि दगडांवरून सुटलेले रंगाचे कपचे समुद्रात जातात, तिथून जलचरांच्या पोटात. यायचं असेल तर या, फोटो काढा आणि परत जा, असं संस्थेचं आवाहन आहे.