दोन ‘काळ’

ओमानमधल्या मस्कतहून ‘अझ-झमन’ नावाचं अरबी दैनिक निघायचं. ‘झमन’ म्हणजे काळ. आपला ‘जमाना’ त्याच घराण्यातला. हे नाव ऐकलं की मराठी माणसाला शिवराम महादेव परांजप्यांचा ‘काळ’ आठवतोच. १८९८ साली पुण्यात निघालेलं हे साप्ताहिक. १९०८ साली परांजप्यांना राजद्रोहाबद्दल १९ महिन्यांची सजा झाली, पण पत्र त्यातूनही तगलं. ते मेलं १९१० च्या प्रेस ॲक्टनं मागितलेल्या जामिनामुळे. संपादकाला कोर्टानं कोंडलं आणि पत्राला सरकारी कागदानं, हा फरक ध्यानात ठेवायला हवा.

मस्कतच्या ‘काळा’नं २६ जुलै २०१६ ला बातमी छापली : बडे अधिकारी न्यायालयाच्या कामात ढवळाढवळ करतात. दोनच दिवसांनी संपादक इब्राहिम अल-मामरींना अटक झाली, पुढे युसुफ अल-हाज आणि झाहिर अल-अब्री हे सहकारीही आत गेले. ९ ऑगस्टला दैनिकानं सर्वोच्च न्यायालयाच्या उपाध्यक्षांची मुलाखत छापली. त्यांनी बातमीला दुजोराच दिला होता! त्याच दिवशी माहिती मंत्रालयाचा आदेश आला : छपाई बंद.

सप्टेंबरात खालच्या कोर्टानं अल-मामरी आणि अल-हाज यांना तीन-तीन वर्षं आणि अल-अब्रींना एक वर्ष ठोठावलं. डिसेंबरात अपील कोर्टानं सजा घटवल्या, अल-अब्रींना सोडलं, बंदीही उठवली. अपिलात जिंकूनही अंक मात्र निघाला नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदीवर कायमचं शिक्कामोर्तब केलं.

आता २०२१ पर्यंत लागू असलेली ओमानची १९९६ ची राज्यघटना उघडून पाहा. वृत्तपत्रांना स्वातंत्र्य होतं, नागरिकांना एकत्र जमण्याचा हक्क होता. फक्त प्रत्येक वाक्याला एक शेपूट होतं : कायद्याच्या मर्यादेत. ही मर्यादा कुठे, ते ठरवणारा छपाईचा कायदा १९८४ चा होता. घटनेनं उजव्या हातानं द्यावं आणि या कायद्यानं डाव्या हातानं काढून घ्यावं, असा तो व्यवहार.

निदर्शनांची गत निराळी नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये सोहारच्या पृथ्वीगोल असलेल्या चौकात बेकार तरुणांनी ठिय्या दिला. नोकऱ्या हव्या होत्या आणि भ्रष्ट मंत्री नको होते. गोळीबारात माणूस गेला. दोन वर्षांनी सोहार बंदराच्या प्रदूषणाविरुद्ध लोक रस्त्यावर आले, तेव्हा त्यांच्यात सल्लागार सभेचे निवडून आलेले सदस्य तालिब अल-मामरी होते. बेकायदा जमावाच्या आरोपाखाली त्यांना चार वर्षांची सजा झाली. २०१६ मध्ये सुलतानांनी माफी दिली. माफी ही मेहेरबानी. हक्काचा तिच्याशी संबंध नाही. २०१८ च्या नव्या दंडसंहितेतही सार्वजनिक सुव्यवस्था बिघडवण्याच्या हेतूनं दहाजण जमले की गुन्हा. आपल्याकडे बेकायदा जमावाला पाचच पुरतात, तेव्हा फार हसायला नको. खरी मेख आकड्यात नाहीच, ‘हेतू’ कोण ठरवणार यात आहे.

म्हणून सुधारणा करायची तर घटनेतली सुंदर वाक्यं आणखी सुंदर करून भागणार नाही. छपाई थांबवण्याचा अधिकार मंत्रालयाकडून काढावा लागेल, आणि जमावाच्या कलमात ‘हिंसा’ हा शब्द घालून ‘सुव्यवस्था’ पुसावा लागेल.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ओमाननं १९८४ चा कायदा रद्द करून नवा माध्यम कायदा आणला. चाळीस वर्षांनी बदल झाला, हे खरंच. पण ‘अझ-झमन’ला उद्या पुन्हा निघायचं झालं, तर परवान्याचा अर्ज घेऊन जायचं ते त्याच माहिती मंत्रालयाच्या दारात.