परतीचा हक्क आणि दिवसांचा हिशेब



इंदूर, बेळगाव, बडोदे, हैदराबाद यांसारख्या शहरांतील कित्येक मराठी घरांतले एखादे मूल आज मेलबर्न किंवा सिडनी येथे नोकरीनिमित्त वास्तव्य करून आहे. इंजिनियर, परिचारिका, हिशेबनीस अशा कुशल व्यावसायिकांना ऑस्ट्रेलिया जो कायम निवासाचा व्हिसा देते, तो हाती आला की घरात पेढे वाटले जातात. आता कायमची सोय झाली, अशी सर्वांची समजूत होते. ही समजूत अर्धीच खरी आहे, आणि उरलेल्या अर्ध्या भागाकडे दुर्लक्ष झाल्यास प्रसंगी मोठी अडचण ओढवते. म्हणून या विषयाची थोडी फोड करावयाची आहे.

या व्हिशात दोन निरनिराळे हक्क एकत्र बांधलेले असतात. पहिला हक्क त्या देशात राहण्याचा, काम करण्याचा. त्यास मुदत नाही. दुसरा हक्क देशाबाहेर जाऊन कायम निवासी या नात्याने परत येण्याचा. त्यास मात्र साधारणतः पाच वर्षांची मुदत असते. घरात राहण्यास कोणाची हरकत नाही, परंतु बाहेरून दार उघडण्याची किल्ली पाच वर्षांपुरतीच दिलेली आहे, असे समजावे. मुदत संपल्यावरही मनुष्य तेथे सुखाने राहू शकतो. म्हणूनच ती संपल्याचे पुष्कळांच्या ध्यानातही येत नाही. मग एके रात्री गावाहून वडिलांच्या आजारपणाचा फोन येतो, आणि तिकीट काढताना कळते की जाता येईल, पण परत येण्याचा परवाना हाती नाही.

येथे एक बारकावा लक्षात ठेवावयास हवा. ही पाच वर्षे व्हिसा मंजूर झाल्याच्या तारखेपासून मोजली जातात. तेथे राहावयास गेल्याच्या तारखेपासून नव्हे. भारतात असताना व्हिसा मिळालेल्यांना पहिला प्रवेश अमुक तारखेपूर्वी करावा, अशी अट बहुधा घातलेली असते. ती पाळण्यासाठी अनेकजण आठ-दहा दिवस तिकडे जाऊन येतात आणि घर, नोकरी, मुलांच्या शाळा यांची निरवानिरव करण्यासाठी परत फिरतात. त्यात दोन-तीन वर्षे सहज निघून जातात. मुदतीचे घड्याळ मात्र चालूच असते.

मुदत संपली किंवा संपत आली की ‘रेसिडेंट रिटर्न व्हिसा’, म्हणजे निवाशाच्या पुनरागमनाचा व्हिसा मागावा लागतो. त्याचा क्रमांक १५५. अर्जाच्या दिवसापासून मागे मोजलेल्या पाच वर्षांत अर्जदार कायम निवासी या नात्याने एकंदर दोन वर्षे, म्हणजे ७३० दिवस, ऑस्ट्रेलियात राहिलेला असल्यास त्यास पुन्हा पाच वर्षांची प्रवासाची मुभा मिळते. हे दिवस सलग असण्याची आवश्यकता नाही. तुटक वास्तव्याची बेरीज चालते. परंतु त्यापूर्वी विद्यार्थी म्हणून किंवा तात्पुरत्या व्हिशावर काढलेले दिवस या बेरजेत धरत नाहीत. पतीचे दिवस पत्नीच्या खात्यावर जमा होत नाहीत. प्रत्येकाचा हिशेब स्वतंत्र असतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका गृहस्थास १ जुलै २०२१ रोजी व्हिसा मिळाला. मार्च २०२२ मध्ये तो दहा दिवस जाऊन आला आणि १ ऑगस्ट २०२४ पासून तेथे कायमचा राहू लागला. १ जुलै २०२६ रोजी मुदत संपते. त्या दिवसापर्यंत तो एकदाही देशाबाहेर गेला नसेल, तरी त्याची बेरीज ७१० भरते. वीस दिवस कमी! त्याने आणखी वीस दिवस तेथेच काढून मग अर्ज केला, तर काम भागते. परंतु मध्यंतरी बहिणीच्या लग्नासाठी तो सहा आठवडे ग्वाल्हेरला येऊन गेला असेल, तर ते ४२ दिवस वजा होतात आणि तितकेच दिवस अधिक थांबणे त्यास प्राप्त होते.

७३० दिवस भरत नाहीत, त्यांचे सर्व मार्ग बंद होतात असे नाही. नोकरी, व्यवसाय, सांस्कृतिक कार्य किंवा कुटुंब यांच्या द्वारे आपले ऑस्ट्रेलियाशी भरीव आणि त्या देशास हितकारक संबंध आहेत, असे कागदपत्रांनिशी दाखविल्यास एक वर्षापर्यंतची मुभा मिळू शकते. मात्र सलग पाच वर्षे बाहेर राहिलेल्यास आपल्या अनुपस्थितीची सबळ कारणेही द्यावी लागतात. याखेरीज १५७ क्रमांकाचा व्हिसा आहे. मागील पाच वर्षांत निदान एक दिवस वास्तव्य झालेले असेल आणि आप्ताच्या गंभीर आजारासारखे निकडीचे, अनुकंपनीय कारण असेल, तर त्यावर तीन महिन्यांची मुभा मिळते.

नागरिकत्व घेतले की हा हिशेब कायमचा मिटतो. त्यासाठी चार वर्षांचे कायदेशीर वास्तव्य लागते, आणि त्यांतील शेवटचे एक वर्ष कायम निवासी म्हणून गेलेले असावे लागते. त्या चार वर्षांत एकूण बारा महिन्यांहून, व शेवटच्या वर्षात ९० दिवसांहून अधिक काळ बाहेर राहता येत नाही. परंतु आपल्या १९५५ च्या कायद्यानुसार परदेशी नागरिकत्व स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपते. २००५ पासून मिळणाऱ्या ‘ओसीआय’ कार्डाने येणेजाणे सुकर झाले, तरी मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. गावच्या मातीशी असे नाते राखू इच्छिणारे कित्येक लोक म्हणूनच कायम निवासीच राहतात. त्यांनी दिवस मोजण्याची सवय लावून घेणे अगत्याचे आहे.

पूर्वी व्हिशाचा कागद पारपत्रावर चिकटवीत, आणि पान उघडताच तारीख दिसे. १ सप्टेंबर २०१५ पासून ती पद्धत बंद झाली. आता ती तारीख मंजुरीच्या पत्रात आणि सरकारच्या ‘व्हीवो’ या संगणकीय सेवेत पाहावी लागते. ती शोधून घरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. प्रत्येक जाण्यायेण्याची नोंद ठेवावी आणि मुदत संपण्यापूर्वी चार-सहा महिने बेरीज करून पाहावी. इकडच्या वडीलधाऱ्यांनीही मुलांस सुटीवर येण्याचा आग्रह करताना, परतीच्या व्हिशाची तारीख पाहिलीस का, एवढा एक प्रश्न अवश्य विचारावा.