खोललेली पद्मिनी: जोडायची की विकायची?

मागच्या व्हिडिओत डेड स्टॉकबद्दल बोललो होतो. आज तोच हिशोब, फक्त माल जरा मोठा आहे.

माझ्या मामांच्या शेडमध्ये 1986 ची प्रीमियर पद्मिनी पडून आहे. इंजिन खाली उतरवलेलं, दरवाजे भिंतीला टेकवलेले, बाकी सगळं चार गोण्यांत. रिटायरमेंटच्या पैशातून ती उभी करायची, असं मामांच्या मनात आहे. म्हणाले, "आधीच लाखभर घातलेत रे, आता सोडून कसं द्यायचं?"

मामा, ते लाख गेले. गाडी जोडा नाहीतर विका, ते हिशोबात धरू नका. आजपासून किती लागतील आणि तेवढ्यात चालू पद्मिनी मिळते का, एवढंच बघा.

आधी कागद. आरसी कुणाच्या नावावर, चॅसिस नंबर जुळतो का? खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन 15 वर्षांचं, पुढे फिटनेस करून पाच-पाच वर्षं वाढतं. व्हिंटेज म्हणून नोंद करायला गाडी 50 वर्षांची लागते, म्हणजे ती आशा आत्ता नको.

मग पत्रा. पद्मिनीला वेगळी फ्रेम नाही, बॉडीच भार घेते. फ्लोअर आणि दरवाजाखालचा भाग स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. आत घुसला तर काम नुसत्या पेंटवर भागत नाही. इंजिनचं टेन्शन मात्र कमी घ्या. 1089 सीसीचं साधं इंजिन, आणि मुंबईत वर्षानुवर्षं टॅक्सीत धावल्यामुळे हात बसलेले जुने मेकॅनिक अजून भेटतात.

खरा खड्डा गोण्यांत असतो. दुसऱ्याने खोललेल्या गाडीत काय हरवलंय हेच कळत नाही. आम्ही दुकानात करतो तसं स्टॉक टेकिंग केलं: सगळं अंगणात मांडलं, चालू गाडीशी ताडून पाहिलं. 37 वस्तू गायब! काचेचं बीडिंग, हँडल, क्रोमच्या पट्ट्या. एकेक किरकोळ वाटते, पण बेरीज करा. भाव कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर विचारले. (गाडी बनायची कुर्ल्यात, पार्टही तिथेच शोधायचे!)

आकडा चालू गाडीच्या वर गेला. मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वरचे पैसे हौसेच्या खात्यात टाक." चालेल, म्हटलं, पण त्या खात्याची मर्यादा आज कागदावर लिहा. त्यांनी लिहिली. आता पत्र्याचं कोटेशन त्यात बसलं, तरच काम सुरू.